चिन डोंगरातलं कॉलेज आणि मुलीची पीएचडी

प्रश्न : मुलगी पुण्यात एमए (इतिहास) करतेय. रूममेट मिझोरमची. तिचं ऐकून ऐकून आता म्यानमारमधल्या चिन लोकांच्या धर्मशास्त्र कॉलेजच्या इतिहासावर पीएचडी करायची म्हणते. आम्ही ख्रिस्तीही नाही. यात पोट भरेल का? – एक वडील, यवतमाळ

उत्तर : नमस्कार. आधी पोटाचं बोलू. प्राध्यापकीला एमए आणि नेट किंवा सेट लागते, प्रबंध कशावर आहे यावरून कुणी अडवत नाही. जागाच निघत नाहीत, हे दुखणं मराठेशाहीवर पीएचडी केलेल्यांनाही आहे. तेव्हा आधी नेट, मग चिन, एवढी अट जरूर घाला.

विषय मात्र खूळ नाही. अमेरिकन बाप्टिस्ट मिशनचे कार्सन पती-पत्नी १८९९ मध्ये चिन डोंगरातल्या हाखाला पोचले. १९५३ मध्ये तिथल्या चर्चच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि त्यांनी नाव घेतलं ‘झोमी बाप्टिस्ट कन्व्हेन्शन’. त्याच डोंगरातल्या फलामचं धर्मशास्त्र कॉलेजही ‘झोमी थिऑलॉजिकल कॉलेज’च होतं. आज ते ‘चिन ख्रिश्चन इन्स्टिट्यूट ऑफ थिऑलॉजी’ आहे. पाटी का बदलली? ‘चिन’ हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव, ‘झोमी’ आपल्यातलं. पण तेही सगळ्यांना आपलं वाटेना. माझ्या मते त्या पाटीतच अख्खा प्रबंध आहे.

१९६६ मध्ये परदेशी मिशनऱ्यांना देश सोडावा लागला आणि चर्चचा सगळा भार स्थानिक पाळकांवर (धर्मगुरूंवर) आला. हा काळ मिशनच्या इंग्रजी अहवालांत सापडायचा नाही. त्यासाठी तिथली भाषा हवी, आणि नुसत्या इंग्रजीवर निघालेली मुलं इथेच अडकतात. तुमच्या मुलीच्या खोलीत मात्र शिकवणी आयतीच आहे. मिझोत चर्चला ‘बिआक इन’ म्हणतात, हाखाच्या बोलीतही जवळपास तेच : उपासनेचं घर. भाषा वेगळ्या, पण बहिणी-बहिणी.

२०२१ च्या लष्करी उठावापासून तिकडे लढाई चालू आहे, त्यामुळे फलामचा हट्ट धरला तर स्पष्ट नाही म्हणा. हजारो चिन लोक सीमा ओलांडून मिझोरममध्ये आलेत. मुलाखती तिथे होतील.

ख्रिस्ती नसल्याची काळजी सोडा. इतिहासाच्या विभागात धर्म विचारत नाहीत. शिवाय पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचं कॉलेज, तुमच्याच यवतमाळहून १९८३ मध्ये तिकडे गेली. संदर्भासाठी तिथलं ग्रंथालय वापरता येईल का, तिनं विचारून बघावं.

आत्ताच गाइडच्या मागे लागू नका. सुट्टीत रूममेटबरोबर पंधरा दिवस ऐझॉलला जाऊ द्या. इनर लाइन परमिट लागतं, ते आधी काढायला सांगा. परत आल्यावरही हाच विषय डोक्यात असेल, तर पुन्हा लिहा.