शब्द एकच, की दोन?

प्रश्न : पैशांची बँक आणि नदीचा काठ, इंग्रजीत दोन्ही 'बँक'च. 'स्प्रिंग' म्हणजे झरा, वसंत आणि तारेचे वेटोळेही. असे शब्द मुळात एकच आहेत की वेगळे, हे कसे ओळखावे?

उत्तर : अर्थ जुळतात की नाही यावरून ठरवू नका; गल्लत तिथेच होते. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात शब्दाला जोडून वर बारीक १, २ असे आकडे आणि स्वतंत्र नोंदी असतील, तर कोशकारांनी ते शब्द वेगळे मानले आहेत. एकाच नोंदीत ओळीने अर्थ दिले असतील, तर शब्द एकच. मात्र काही अमेरिकी कोश नाम आणि क्रियापद यांनाही वेगळे आकडे देतात, म्हणून दोन्ही नोंदी नामाच्याच आहेत ना, ते आधी पाहा. मग व्युत्पत्ती वाचा. छोट्या कोशांत ती बहुधा गाळलेली असते.

'स्प्रिंग' एकच शब्द. मूळ क्रियापदाचा अर्थ उसळणे, उडी घेणे. पाणी जमिनीतून उसळते, दाबलेली तार उसळते, वसंतात पालवी फुटून वर येते. ऋतूचा अर्थ १६व्या शतकात रुळला. त्याआधी वसंताला 'लेंट' म्हणत. हाच शब्द पुढे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळापुरता उरला.

'बँक'च्या नोंदी दोन. पैशांची बँक इटालियनमधून फ्रेंचमार्गे आली. तिथे 'बांका' म्हणजे सराफाचे बाकडे. नदीकाठचा शब्द उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांतून आला. खूप मागे गेल्यावर दोन्हींचे मूळ एकच निघते, पण इंग्रजीत ते वेगळ्या वाटांनी शिरले, म्हणून नोंदी वेगळ्या.

खरा चकवा 'इअर'चा. कान आणि धान्याचे कणीस. कणीस कानासारखे बाजूला निघालेले, म्हणून नाव पडले असेल असे सहज वाटते. पण जुन्या इंग्रजीतही हे दोन शब्द वेगळेच होते. त्यांचे उच्चार नंतर एक झाले.

प्रश्न : 'डेट' म्हणजे तारीख आणि खजूरही. काही संबंध?

उत्तर : अजिबात नाही. रोमन लोक पत्रावर 'दाता रोमे', म्हणजे 'रोमहून दिले', असे लिहून पुढे दिवस घालत. त्यातल्या 'दाता'ची तारीख झाली. आपले 'देणे' आणि 'दान' त्याच धातूच्या गोतावळ्यातले. खजुराचा 'डेट' ग्रीक 'डॅक्टिलोस'वरून आला. त्या शब्दाचा दुसरा अर्थ बोट.