वाचकांचे प्रश्न : ग्रामसभा, आराखडा आणि आडवी बाटली

प्रश्न : 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला कोरम नव्हता, म्हणून ती तहकूब केली. नंतर पंचवीस-तीस जणांत सभा घेऊन विकास आराखडा मंजूर करून टाकला. हे चालतं का? आमचा रस्ता त्यात नाहीच.
— एक वाचक, ता. हिंगणा

उत्तर : चालतं. पहिल्या सभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी लागते. तहकूब सभेला ती अट नाही. ऐन सोयाबीन काढणीत सभा म्हटल्यावर माणसं वावरात असणारच. मात्र तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेबाहेरचा विषय घेता येत नाही. आधी जुनी नोटीस काढून वाचा. आराखडा त्यात नसेल, तर तुमची हरकत वजनदार आहे.

रस्त्याची अडचण बहुधा वेगळीच आहे. 15व्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 ते 2025-26 या वर्षांसाठी 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायची : निम्मी पाण्याला, निम्मी स्वच्छतेला. बाकीची अबंधित. 10 लाख आले, तर रस्ता, दिवे, सभामंडप अशा सगळ्यांना मिळून 4 लाख उरतात. साऱ्या गावाने हात वर केले तरी बंधित पैशातून रस्ता होत नाही. म्हणून मागणी फोडून करा : कडेची सांडपाण्याची नाली बंधितमधून, रस्ता अबंधितमधून. लेखी अर्ज नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (आपले पूर्वीचे ग्रामसेवक) द्या आणि पोच घ्या. सभेत सूचक-अनुमोदकांची नावं तिथल्या तिथे लिहून घ्या, ठराव वाचायला लावा. ठरावाखाली चार ओळी कोऱ्या सोडल्या असतील, तर तिथे आडवी रेघ मारायला सांगा. लाजू नका.

प्रश्न : मनपाच्या बजेटवर नागरिकांना मत देता येतं का?
— धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात, समिती महासभेपुढे, आणि मत असतं नगरसेवकांना. त्यांना गाठायचं ते बजेट मांडलं जाण्याआधी.

प्रश्न : गावातलं देशी दारूचं दुकान मतदानाने बंद करता येतं म्हणे. किती मतं लागतात?
— बचत गटातील महिला, ता. कळमेश्वर

उत्तर : येतं, 2008च्या आदेशानुसार. 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते आणि गाडी इथेच अडते : सून गावात नांदते, पण नाव अजून माहेरच्या यादीत. म्हणून प्रत्येक सहीपुढे मतदार यादीचा भाग व अनुक्रमांक लिहा, आणि लागतात त्यापेक्षा पन्नासेक सह्या जास्तच घ्या. मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली (दुकान चालू) आणि आडवी बाटली (दुकान बंद).

कोरमशिवाय ग्रामसभा निभावते, इथे तसं नाही. झालेल्या मतांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीत 1200 महिला असतील, तर 601. आठशे जणी आल्या, 590 जणींनी आडवी केली, उभीला जेमतेम दोनशे, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. त्या दिवशी मजुरीला जाणाऱ्या बायकांना सकाळी पहिल्यांदा केंद्रावर न्या.