पेरोव्हस्काइट फिल्मच्या रामनमध्ये ९५ आणि ११० ला पीक दिसतात, म्हणजे फिल्म खराब झाली का?

तुम्ही लिहिलंय की टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरावर मिथिलअमोनियम लेड आयोडाइड या पेरोव्हस्काइटची (सौरसेलमध्ये वापरला जाणारा स्फटिकी पदार्थ) फिल्म केली, दोन दिवस हवेत ठेवली आणि ५३२ नॅनोमीटरच्या लेझरने रामन (विखुरलेल्या लेझर-प्रकाशातून पदार्थ ओळखण्याची मोजणी) घेतला. ९५, ११० आणि १४४ सेमी⁻¹ ला पीक आले. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहण्याची पद्धत) मात्र लेड आयोडाइडचा १२.७ अंशांचा पीक नाही. मग खरं कोण बोलतंय?

दोघंही. ९५ आणि ११० हे लेड आयोडाइडचेच. फक्त ते हवेने नव्हे, तुमच्या लेझरने तयार केलं असावं.

साधं गणित करून बघा. १ मिलिवॉटचा लेझर १ मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यावर आणला की दर चौरस मीटरला साधारण सव्वाशे कोटी वॉट पडतात. भर दुपारचं ऊन १००० वॉट. म्हणजे साडेबारा लाख पट! त्यात हे पदार्थ हिरवा प्रकाश वरच्या शे-दोनशे नॅनोमीटरमध्येच गिळून टाकतात आणि उष्णता वाहून नेण्यात अगदीच ढ. तो ठिपका तापतो, मिथिलअमोनियमचा भाग वायू होऊन उडून जातो, मागे उरतं पिवळं लेड आयोडाइड. एक्सआरडी काही मिलिमीटरचा भाग पूर्ण जाडीसकट बघतं, त्याला तुमचा एक मायक्रॉनचा भाजलेला डाग कसा दिसणार?

आणि ते लेड आयोडाइड रामनमध्ये ओरडतं. त्याची बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) २.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, ५३२ च्या फोटॉनची ऊर्जा २.३३. म्हणजे दोन्ही ऊर्जा जुळून जवळजवळ रेझोनन्स, थोडंसं असलं तरी सिग्नल दणदणीत. उलट पेरोव्हस्काइट पुटपुटतं. त्याची जाळी मऊ, आतले मिथिलअमोनियम आयन सतत फिरत असतात, त्यामुळे खोलीच्या तापमानाला टोकदार पीक नसतातच. १५० च्या खाली एक पसरट उंचवटा मिळतो. म्हणून माझा ठोकताळा असा की या फिल्मचा रामन जितका देखणा, तितका संशय जास्त. सुरुवातीच्या काही लेखांतही लेड आयोडाइडचे पीक पेरोव्हस्काइटचे म्हणून छापले गेले होते, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

मी स्वतः एका पावसाळ्यात आठवडाभर बसून फिल्म कुठे किती खराब झाली याचा नकाशा काढला होता. गाईडला दाखवण्याआधी सहज मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर ठिपक्यांच्या रांगोळीसारखे पिवळे ठिपके, सरळ रांगेत, समान अंतरावर. दमट हवा इतकी शिस्तीत काम करत नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तेव्हापासून मोजणीआधी आणि नंतर त्याच जागेचा फोटो काढल्याशिवाय मी डेटा जपून ठेवत नाही.

तुमच्या बाबतीत आधी एकच करा. ताजी फिल्म घ्या, फिल्टर लावून पॉवर काही मायक्रोवॉटवर आणा आणि एकाच जागी लागोपाठ दहा स्पेक्ट्रम घ्या. ९५ चा पीक पहिल्यात नसून पुढे वाढत गेला तर गुन्हेगार सापडला. मग मोजणी दर वेळी नव्या जागी, फोकस थोडा सैल सोडून करा. सॅम्पल कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवता आलं तर उत्तमच. ग्लोव्हबॉक्समध्ये (कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीत) वरून पातळ काच लावून कडा बंद केल्या तरी बरंच काम होतं. हवेचा परिणाम खरोखर तपासायचा तर अंधारात कोरडी ठेवलेली जुळी फिल्म तुलनेला हवीच.

लेझर बदलायचा मोह होईल, पण ७८५ नॅनोमीटरचा घेऊ नका. फिल्मचा स्वतःचा प्रकाश ७७० च्या आसपास येतो आणि ७८५ वर रामनची २०० सेमी⁻¹ पर्यंतची खिडकी जेमतेम ७९७ पर्यंत जाते. सिग्नल त्या उजेडात बुडतो. १०६४ मिळाला तर फिल्म तो प्रकाश शोषतच नाही, त्यामुळे भाजत नाही. मात्र कोणताही लेझर असो, यंत्राचा लेझरचाच प्रकाश अडवणारा फिल्टर कुठे कापतो ते आधी विचारा. बरेच फिल्टर १०० सेमी⁻¹ च्या आसपास कापतात, आणि आपला बराचसा माल तर त्याच्या आसपास किंवा त्याखालीच.

राहिला १४४. तो बहुतेक खालच्या थरातल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा, म्हणजे अ‍ॅनाटेसचा, त्याचा सगळ्यात जोरकस पीक तिथेच असतो. पण लेझरने भाजून झालेल्या लेड ऑक्साइडचाही पीक १४३-१४५ लाच येतो. फिल्म नसलेली तीच काच मोजून बघा आणि मूळ स्पेक्ट्रम ७०० पर्यंत लांबवा: ३९९, ५१५, ६३९ दिसले तर अ‍ॅनाटेस, २८० ते २९० मध्ये काही उगवलं तर ऑक्साइड. आणि हो, हे सगळं करण्याआधी यंत्राचं माप तपासायला सिलिकॉनचा पीक ५२०.५ वर बसतोय ना, ते बघून घ्या.