अर्धी झालेली गोधडी

अगं, तू पाठवलेला अर्ध्या गोधडीचा फोटो पाहिला. रंग छान जमलेत, पण लाल ठिगळं सगळी डाव्या कोपऱ्यात गोळा झालीत बघ. जोडायच्या आधी उरलेले तुकडे पलंगावर मांड आणि स्टुलावर उभी राहून वरून बघ. फोनवर काळा-पांढरा फोटो काढलास तर गडद-फिकं लगेच कळतं.

तो नवा लाल तुकडा भिजवून घेतला होतास ना? माझ्या पहिल्या गोधडीत मी कोरं कापड तसंच लावलं. पहिल्याच धुण्यात शेजारची पांढरी ठिगळं गुलाबी झाली, आणि लाल आटून भोवती चुण्या पडल्या त्या वेगळ्याच. जुन्या सुती लुगड्याचं आटायचं ते आटून झालेलं असतं. सिंथेटिक साडी आत घालू नकोस, थर सरकतात आणि अंगावर उकडतं.

आता थर. अस्तर जमिनीवर ताणून चारी कोपऱ्यांवर वजन ठेव (मी वरवंटा, खलबत्ता, हाताला लागेल ते ठेवते). मधे जुनी साडी, वर तुझं ठिगळकाम. मग वीतभर अंतराने कच्चे टाके. कंटाळवाणं आहे, पण कडेकडून आत शिवत येताना कापड मधे साचतं. कच्चे टाके नसतील तर फुगा येणारच. मग कडेने धावदोरा सुरू कर, चौकोनात फिरत आत ये. ओळींत बोटभर अंतर पुरे. दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंततो. गाठ वर ठेवू नकोस, हलका हिसका देऊन थरांत ओढून घे.