छतावरच्या सोलरने देशाच्या वीजव्यवस्थेला खरंच काही फरक पडतो का?

पडतो. पण नुसता गिगावॉटचा हिशोब मांडून ते कळायचं नाही. वीज कुठे तयार होते ते बघा. कच्छमधल्या खावड्याच्या मोठ्या सोलर पार्कची वीज वडोदऱ्यापर्यंत आणायची तर ७६५ केव्हीच्या लाइनी, सबस्टेशनं, सगळा पसारा लागतो. माझ्या धाब्यावरची, म्हणजे गच्चीवरची, शेजारच्यांच्या फ्रिजात जाते आणि तिथेच संपते.

आमच्या मेव्हण्यांना हे पटत नाही. त्यांची सगळी नोकरी सबस्टेशनात झाली, त्यामुळे छतावरचं सोलर म्हणजे 'खेळणं'. आणि नेमका उत्तरायणला, वडोदऱ्यातल्या मांजलपूरला आमच्या धाब्यावर पतंग उडवत असताना, भर दुपारी सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) बंद पडला. मेव्हणे फिरकी धरून म्हणतात, "घ्या, झोपलं तुमचं खेळणं!" तपासायला आलेला माणूस म्हणाला, इन्व्हर्टर खराब. म्हटलं, अहो स्क्रीन बघा, व्होल्टेज २६०च्या वर आहे! थंडीचे दिवस, कडक ऊन, एसी बंद, घरोघरची माणसं धाब्यावर, आणि गल्लीत निम्म्या घरांवर पॅनल. वीज बनतेय, खपत नाही. ती उलटी ट्रान्सफॉर्मरकडे निघते आणि लाइनीच्या टोकाला व्होल्टेज चढतं. टोकाला आम्ही. अशा वेळी इन्व्हर्टरने बंदच व्हायचं असतं. पुढे ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलला, म्हणजे त्यातून येणारं व्होल्टेज थोडं खाली आणलं, एकाच फेजवरची घरं तिन्ही फेजवर वाटली, आणि तक्रार मिटली.

छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत १ कोटी घरांचं लक्ष्य आहे, ३ किलोवॉटला ७८,००० रुपये सबसिडी. पॅनलचं कौतुक सगळ्यांना, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

मे २०२४ मध्ये देशाची मागणी २५० गिगावॉटला टेकली ती दुपारी, म्हणून ऊन कामी आलं. संध्याकाळी मात्र छत शून्य. तेव्हा कोळसा, धरणं, बॅटरी. मेव्हणे हेच ऐकवतात, आणि तो मुद्दा खरा आहे. फक्त तो खावड्याच्या सोलरलाही तितकाच लागू होतो, हे ते सांगत नाहीत.

आणि हो, बॅटरी नसेल तर लाइट गेली की सोलरही बंद होतं. नाहीतर बंद लाइनीत छतावरची वीज शिरेल; लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच हवं. बसवण्याआधी तुमच्या ट्रान्सफॉर्मरवर आधीच किती सोलर जोडलंय ते विचारून घ्या. मेव्हण्यांच्या गल्लीत एकही नाही, आणि त्यांचं धाबं दक्षिणेला मोकळं आहे, मी मोजून आलोय. ते म्हणतात, "बघू."