१ लाख ६० हजाराचा बोअर बोकड घ्यायचा का नाही?

सांगोला तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, आधी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ४० उस्मानाबादी शेळ्या आहेत, अर्धबंदिस्त, सगळ्यांना मिळून एकच गावठी बोकड. गेल्या वर्षी ७ शेळ्या रिकाम्या राहिल्या, म्हणजे गाभणच गेल्या नाहीत, तरी ५४ करडं जगली, त्यातल्या १० पाठी (मादी करडं) घरी ठेवल्या आणि ४४ विकली, आठव्या महिन्यात सरासरी २० किलो भरतात आणि जिवंत वजनावर ४०० रुपये किलोचा भाव मिळतो. आता एका फार्मवाल्यानं ८० किलोचा प्युअर बोअर जातीचा बोकड दाखवलाय, किंमत १ लाख ६० हजार, आणि पहिल्याच वेतापासून करडू १५ किलोनं जास्त भरेल, वर करडं मीच परत विकत घेईन असं सांगितलंय. घरात ३ लाख २० हजाराची एफडी आहे, मुलगी बारावीत, जूनमध्ये ॲडमिशन. तर एफडी मोडू का बायकोचं सोनं गहाण ठेवू, दिवाळीत बोकड आणायचाय.

दादा, दोन्ही नको. बोअर वाईट म्हणून नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं नव्वदच्या दशकात ही आफ्रिकन जात आपल्याकडं आणली, तेव्हापासून संकर करून मटणाचं वजन वाढवलेले लोक आहेतच की. पण तुमच्या ४० शेळ्यांत आणि तुमच्या चाऱ्यावर त्यातलं किती उतरणार हे आधी कागदावर मांडू.

बोकड ८० किलोचा असला तरी करडात त्याचा वाटा निम्माच, उरलेला निम्मा तुमच्या ३०-३२ किलोच्या शेळीचा, आणि दूध तर सगळं तिच्याच अंगावरचं. फार्मवाला जी ३५ किलोची करडं दाखवतो ती गोठ्यात बांधून खुराकावर वाढवलेली असतात, तुमची तुरीच्या भुसकटावर आणि बांधावरच्या पाल्यावर वाढतात. म्हणून मी १५ नाही, ४ किलो धरतो. ४ किलो म्हणजे १,६०० रुपये, मोठं करडू खातंही जास्त, त्याचे ७०० गेले, राहिले ९००. ४४ करडांचे वर्षाला ३९,६०० आणि दोन वर्षांचे ७९,२००. दोनच वर्षं का, तर पहिल्या वेताच्या पाठी बोकड आणल्यापासून दीड-पावणेदोन वर्षात माजावर येतात आणि त्या बापालाच लागल्या तर पुढची पिढी खुरटते, म्हणजे तोपर्यंत बोकड बदलावाच लागतो.

आता खर्च बघा. दोन वर्षांनी ४० टक्के किंमत आली असं धरलं, म्हणजे ६४ हजार, तर ९६ हजार गेले. एफडीतून काढलेल्या रकमेचं ७ टक्क्यानं दोन वर्षांचं बुडालेलं व्याज २२,४००. विमा वर्षाला ७ हजार धरला तर १४ हजार. एकूण १,३२,४००. हातात येणार ७९,२००. म्हणजे सगळं सुरळीत गेलं, बोकड मेला नाही, लंगडा झाला नाही तरी ५३ हजाराचा खड्डा. याच हिशोबानं बोकड ९५ हजाराच्या आसपास मिळाला तर ना नफा ना तोटा, आणि जनावराचा धंदा ना नफा ना तोट्यावर कोण करतं. त्या ९५ च्याही अर्ध्या किमतीला, म्हणजे ४५-५० हजाराला, चांगला संकरित मिळाला तर मी विचार करा म्हणेन.

बरं, हे पैसे येणार कधी? दिवाळीत आणला, तीन आठवडे वेगळा ठेवला, नोव्हेंबर-डिसेंबरात शेळ्या लागल्या, पाच महिन्यांनी म्हणजे एप्रिल-मेमध्ये व्यायल्या, करडं आठ महिन्यांची होईपर्यंत पुढचा डिसेंबर-जानेवारी उजाडतो. मुलीची फी जूनमध्ये भरायचीय. निम्मी एफडी एका जिवंत जनावरात अडकलेली आणि कॉलेजवाले कॅलेंडर दाखवतायत, मग करडं पाचव्या महिन्यातच खाटकाच्या भावानं जातात, हे मी बऱ्याच घरात बघितलंय. सोनं ठेवलं तर वरून व्याजही सुरू.

माझ्या मते तुमचा खरा तोटा तुम्हीच मेसेजमध्ये लिहिलाय आणि त्यावरून पुढं निघून गेलात. ७ शेळ्या रिकाम्या! ४० शेळ्यांना एक बोकड हा बोजाच आहे हो. राष्ट्रीय पशुधन अभियानातसुद्धा १०० शेळ्यांना ५ बोकड धरतात, म्हणजे २० ला एक. (ते ५० टक्के अनुदान कोणी तुम्हाला या बोकडासाठी सांगत असेल तर ऐकू नका, ते अख्ख्या युनिटला असतं, किमान १०० अधिक ५ चं, सुट्ट्या बोकडाला नाही. किसान क्रेडिट कार्डही चारा-औषधाच्या खेळत्या भांडवलासाठी आहे.) त्या ७ पैकी ५ शेळ्या जरी गाभण गेल्या तरी ६ करडं जास्त जगतील असं धरा, ८ हजाराला एक, त्यातून वाढवायचा खर्च ३ हजार वजा केला तरी वर्षाला ३० हजार. साध्या बोकडावर एवढे मिळतायत आणि बोअरवर चाळीस, मग किमतीतला फरक कशाला द्यायचा? अर्थात रिकाम्या राहण्यामागं ब्रुसेल्ला (गाभ पाडणारा संसर्गजन्य आजार) किंवा क्षारांची कमतरताही असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांकडून त्या सातही शेळ्या तपासून घ्या, रक्त देऊन. आजार निघाला तर कुठलाच बोकड आणून उपयोग नाही.

तर मी काय करीन? दोन उस्मानाबादी बोकड घेईन, दीड-दोन वर्षांचे, दोन वेगळ्या कळपातले, दोघं मिळून ५० हजाराच्या आत. शेळी-मेंढी विकास महामंडळाचं महूदचं प्रक्षेत्र तुमच्याच तालुक्यात आहे, त्यांचं रांजणीचं प्रक्षेत्रही लांब नाही, आधी तिथं चौकशी करा. दोघांचं मटणाचं मोलच ३० हजार आहे, म्हणजे खरी जोखीम फक्त २० हजाराची. बोकड जुळ्यातला असावा, पण लगेच जुळी वाढतील अशी अपेक्षा नको, कारण किती करडं होणार हे शेळीवर ठरतं आणि बोकडाचा तो गुण त्याच्या लेकींत दिसतो. आणि शिंगं असलेलाच घ्या. उस्मानाबादीत बऱ्याच शेळ्या बिनशिंगी असतात, त्यांना बिनशिंगी बोकड लावला की काही करडं ना नर ना मादी अशी निपजतात, वांझ. बाजारात हे कोणी सांगत नाही, उलट बिनशिंगी गोंडस दिसतो म्हणून जास्त पैसे मागतात.

बघायला जाताना वजनकाटा सोबत न्या, टांगायचा. बोकडाला नाही, त्याच्या करडांना टांगा. जन्मतारीख लिहिलेली वही मागा, एकाच वयाची पाच-सहा करडं वजन करा, त्यांच्या आया बघा, काय खाऊ घालतात ते गव्हाणीत हात घालून बघा. अमेरिकेत मांसासाठीच्या अँगस जातीच्या वळूचा लिलाव असला की कॅटलॉगमध्ये प्रत्येक वळूपुढं आकडे छापलेले असतात, त्याच्या वासरांचं जन्माचं वजन, दूध तुटतानाचं वजन, वर्षाचं वजन इतरांपेक्षा किती पुढंमागं जाईल याचा अंदाज, आणि पहिलटकर कालवडीला सोपं जाईल का तेही. आपल्याकडं रील असतो आणि त्याला ढोलाचं म्युझिक. मग काटा आपल्यालाच न्यावा लागतो. पहिलटकर पाठीला भारी बोकड लावून करडू अडलं तर दोन जीव जातात, हेही त्या फार्मवाल्याला विचारून बघा, काय उत्तर देतो.

दोन्ही वृषणं सारखी आणि घट्ट आहेत का, जबडा जुळतो का, मागचे पाय सरळ आहेत का, एवढं डॉक्टरांना सोबत नेऊन बघा. ब्रुसेल्लाचा रिपोर्ट आल्यावर निम्मे पैसे, आधी सगळे नाही. कानात टॅग मारूनच विमा घ्या, टॅग पडला तर लगेच कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतात.

आणि फार्मवाला म्हणतोय ना करडं मीच परत विकत घेईन, त्यावर एक पैसाही मोजू नका. इमूपालन आठवा, कडकनाथ कोंबड्या आठवा, आपल्याच पट्ट्यात झालंय ते सगळं. तिथंही पैसा पिल्लं विकणाऱ्यानं कमावला, मांस-अंडी विकणाऱ्यानं नाही. तुमचं गिऱ्हाईक कोण? आठवड्याच्या बाजारातला खाटीक, तो बोअर असो का गावठी, काट्यावर जाणार. जत्रेचा नवस फेडणारा, त्याला काळाच बोकड पाहिजे. आखाडातले गटारीवाले, त्यांना काहीही चालतं. बकरी ईदवाला देखणा बोकड बघून दोन पैसे जास्त देतो हे खरं, पण त्याला वर्षाचा, दाताचा आणि बिनखोडीचा लागतो, म्हणजे आठ नाही बारा-चौदा महिने सांभाळायचा, आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, त्याप्रमाणं वेत धरायचं. ते जमत असेल तर वेगळा हिशोब करू.

बोअरची हौस राहिलीच असेल तर ८-१० दणकट, दोनतीन वेतं झालेल्या शेळ्यांना बोअरचं कृत्रिम रेतन करून बघा, गोठवलेल्या रेतमात्रा फलटणला मिळतात, फक्त शेळीचं रेतन येणारा माणूस आधी शोधा, गाईवाल्याला ते जमेलच असं नाही. ती करडं वेगळी खूण करून त्याच चाऱ्यावर वाढवा आणि आठव्या महिन्यात काट्यावर घाला. ४ किलोच्या जागी ८ निघाले तर मला आकडे पाठवा, मी स्वतः वरचा हिशोब बदलून देतो.

एफडीतले २ लाख ७० हजार तसेच राहू देत, मुलीच्या नावानं. शेळ्यांचं उत्पन्न आयकरात शेतीचं धरत नाहीत, तेव्हा ४४ करडांची विक्री निदान वहीत तरी लिहून ठेवा. आणि तो जुना गावठी बोकड नवे दोघं रुळले की आखाडात काढा, तेव्हा भाव बरा असतो.