हलक्या गाडीचा पहिला गिअर कसा ठरवायचा? : प्रश्नोत्तरे

प्रश्न (भोसरी) : आमच्या ट्यूब-चासीच्या (नळ्या जोडून केलेल्या सांगाड्याच्या) दोनसीटर गाडीचं वजन चालकासकट ७०० किलो आहे. १.२ लिटर पेट्रोल इंजिन मागे आडवं बसवलंय. ताकद ६,००० आरपीएमला ८५ पीएस, टॉर्क ११३ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्स हॅचबॅकचाच आहे. पहिल्या ते पाचव्याचे रेशो : ३.५४५, १.९०४, १.२८०, ०.९६६, ०.७५७, फायनल (गिअरनंतर चाकांकडे जाणारा शेवटचा रेशो) ४.१. टायर १७५/६५ आर१४. पहिल्यात चाकं नुसती गरगरतात आणि दुसरा टाकला की गाडीतला जीव जातो. फायनल बदलावा का?

उत्तर : फायनलला हात लावू नका. दोष पहिल्या गिअरमध्ये आहे. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन चढावर उभ्या असलेल्या गाडीला हलवता यावं, म्हणून तो इतका खालचा, म्हणजे मोठ्या आकड्याचा, ठेवलेला असतो. तुमच्या गाडीला त्याची गरजच नाही.

हिशोब करून बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथल्या विरळ हवेत बिनटर्बो इंजिनाचा सहा-सात टक्के दम कमी होतो, म्हणून टॉर्क १०५ धरा. त्याला ३.५४५ आणि ४.१ ने गुणा, गिअरबॉक्समधले दहा टक्के वजा करा आणि चाकाच्या ०.२८३ मीटर त्रिज्येने भागा. चाकाशी ओढ येते सुमारे ४,८५० न्यूटन. आता पकड. मागच्या चाकांवर ५५ टक्के, म्हणजे ३८५ किलो भार आहे. गाडी सुटताना आणखी ऐंशी किलोच्या आसपास भार मागे सरकतो. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरला, तरी टायर ४,१०० न्यूटनच्या पुढे पेलणार नाही. वरचे साडेसातशे न्यूटन टायर जाळण्यात जातात.

पहिला गिअर २.९२ च्या आसपास आणला की ओढ ४,००० न्यूटनवर येते, म्हणजे पकडीच्या जरा खाली. तिथेच ती हवी. चढाची काळजी करू नका, ७०० किलोच्या गाडीला एवढी ओढ सिंहगडाच्या रस्त्यावर कुठेही पुरून उरते.

खरा फायदा पुढे दिसतो. आत्ता ६,५०० ला पहिल्यातून दुसऱ्यात गेलात की इंजिन ३,५०० वर आपटतं, तुम्हाला जाणवतो तो हाच खड्डा. नव्या पहिल्यावरून ते ४,२३० वर उतरेल. पहिल्याची मजलही ४८ वरून ५८ किमीपर्यंत जाते. घाटातल्या वळणातून ताशी ४० ने बाहेर पडताना आज दुसऱ्यात २,९०० आरपीएम मिळतात, नव्या पहिल्यात ४,५०० मिळतील. पुढच्या गिअरांना आरपीएमचे उतार तुमच्याकडे चांगलेच आहेत : ६,५०० वरून ४,३७०, मग ४,९००, मग ५,१००. वर जाताना उडी लहान होत गेली पाहिजे, कारण वेगाबरोबर हवेचा अडसर वाढतो आणि इंजिनाला ताकदीच्या पट्ट्याबाहेर पडायला जागा उरत नाही.

याची किंमत क्लचला मोजावी लागते. १,००० आरपीएमला गाडी ताशी ७.३ ऐवजी ८.९ किमीने सरकेल. हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत रोज अडकणार असाल, तर ३.२ वर थांबा.

करून घेताना एक लक्षात ठेवा. अशा बहुतेक गिअरबॉक्समध्ये पहिल्याच्या लहान गिअरचे दात इनपुट शाफ्टवरच कापलेले असतात, त्यामुळे गिअर आणि शाफ्ट दोन्ही नवे लागतात. आजचे दात ३९ आणि ११ आहेत. ३८ आणि १३ घेतले की २.९२३ मिळतात. बेरीज ५० ची ५१ होते आणि दोन शाफ्टमधलं अंतर मात्र बदलत नाही. ते हेलिक्स कोन (दातांचा तिरकसपणा) आणि प्रोफाइल शिफ्टने (दाताचा आकार आत-बाहेर सरकवून) जुळवावं लागतं. गिअर कापणाऱ्याला हे रेखाटनावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. २० एमएनसीआर५ पोलाद, कार्ब्युरायझिंग (पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कडक करणं), पृष्ठभाग ५८ ते ६२ एचआरसी (कठीणपणाचं माप). उष्णोपचारात हेलिक्स थोडा उलगडतो, त्यामुळे नंतर दात ग्राइंड करून घेतलेच पाहिजेत. हा खर्च वाचवला तर भार दाताच्या एका कडेवर येतो. आधी शिट्टी ऐकू येते, मग खड्डे पडतात.

प्रश्न (कोथरूड) : जुन्या बाजारातून गिअरबॉक्स घेतला, पण कुठल्या मॉडेलचा ते कळत नाही. न उघडता रेशो काढता येतो?

उत्तर : येतो. एका बाजूचा ड्राइव्ह शाफ्ट पक्का धरा, म्हणजे तो फिरता कामा नये. गिअर टाका, दुसऱ्या बाजूचा शाफ्ट बरोबर २० फेरे फिरवा आणि इनपुट शाफ्टचे फेरे मोजा. एक बाजू थांबलेली असली की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या यंत्रणेमुळे) मोकळी बाजू दुप्पट फिरते, त्यामुळे २० फेरे म्हणजे फायनलचे १०. इनपुटच्या फेऱ्यांना १० ने भागलं की गिअर आणि फायनल यांचा गुणाकार मिळाला. ३९.६ फेरे आले तर ३.९६. लिमिटेड स्लिप (दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणारं) डिफरन्शियल असेल तर ही युक्ती चालत नाही.

गाडीवर करायचं असेल तर एकच चाक उचला, दुसऱ्याला पुढून-मागून ओट लावा, स्पार्क प्लग काढा आणि क्रँक पुलीचे फेरे मोजा. टायरचा घेरही त्याच वेळी घ्या : चालक बसवून, नेहमीची हवा ठेवून, खडूची खूण करून गाडी दहा फेरे ढकला आणि अंतराला दहाने भागा. कागदावरचा घेर यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त निघतो.

प्रश्न (चिंचवड) : भोसरीच्या वाचकांसारखीच उघडी गाडी, तोच गिअरबॉक्स. चौथ्यात १६० च्या आसपास जाते, पाचव्यात टाकली की वेग उतरतो. पाचवा बिघडलाय का?

उत्तर : नाही. उघड्या गाडीला हवा फार अडवते. तुमच्या ताकदीला साधारण १६५ किमी हीच मर्यादा आहे आणि चौथ्यात ६,००० आरपीएमला १६२ होतात. म्हणजे इंजिनाची कमाल ताकद आणि हवेची भिंत एकाच जागी भेटतात. पाचव्यात ६,००० गाठायला २०६ किमी वेग लागेल, तो ८५ पीएसमध्ये येणार नाही. पाचवा फक्त द्रुतगती मार्गासाठी : १०० ला २,९०० आरपीएम, कान आणि पेट्रोल दोन्ही वाचतात. त्याला वेगाचा गिअर करायचा तर फायनल ५.१ लागेल आणि मग पहिला निव्वळ टायर जाळायचं यंत्र होईल. आहे तसा राहू द्या.

प्रश्न (अभियांत्रिकीचे विद्यार्थी, आकुर्डी) : फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाडीत मोटरसायकलचं ३७३ सीसी इंजिन आहे. प्रायमरी (इंजिन आणि गिअरबॉक्समधला रेशो) २.६६७, चौथा गिअर १.१४३, टायरचा प्रत्यक्ष घेर १.४० मीटर. मूळ स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चाकं) १५ आणि ४५ दातांची. बदलावेत का?

उत्तर : बदला. या स्पर्धांचा ट्रॅक मुद्दाम आवळलेला असतो, त्यामुळे सर्वाधिक वेग शंभरच्या आसपासच राहतो. ९,००० आरपीएमला चौथ्यात १०५ किमी धरा. त्या वेगाला चाक मिनिटाला १,२५० फेरे घेतं, एकूण रेशो ७.२ लागतो आणि स्प्रॉकेटच्या वाट्याला २.३६ येतो. पुढे १४, मागे ३३.

पुढचे दात १३ च्या खाली नेऊ नका, साखळी धक्के देत चालते. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास अडीच, म्हणून बारीक फरक मागेच करा. ३२, ३३, ३४ अशी तीन स्प्रॉकेट सोबत ठेवा. ७५ मीटरच्या अॅक्सिलरेशनमध्ये शेवटच्या दहा मीटरांत गिअर बदलावा लागत असेल, तर मागचा एक दात कमी करा. एका बदलात जाणारा वेळ त्या एका दाताच्या फायद्यापेक्षा जास्त असतो.

प्रश्न (वाकड) : रस्त्यावरच्या गाडीत सरळ दातांचा डॉग बॉक्स (सिंक्रोऐवजी जाड खुंट्या अडकवून गिअर टाकणारा गिअरबॉक्स) बसवावा का?

उत्तर : नको. कोंडीत प्रत्येक बदलाला हातोड्यासारखा आवाज येईल आणि अर्धवट टाकलेला गिअर डॉगच्या कडा गोल करतो.

प्रश्न (हडपसर) : ४.१ चा फायनल काढून ४.३८८ घातला. आता ६० च्या पुढे गिअरबॉक्स रडतो आणि स्पीडोमीटरही चुकतोय.

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. आडव्या गिअरबॉक्समध्ये स्पीडोमीटरची गती बहुतेक वेळा डिफरन्शियलच्या केसवरून घेतली जाते, म्हणजे फायनलच्या नंतर. तसं असेल तर फायनल बदलल्याने तो चुकत नाही. टायर बदललाय का ते बघा.

रडण्यासाठी आधी विचारा : लहान पिनियन आणि मोठी रिंग एकाच जोडीतले आहेत का? पिनियन आउटपुट शाफ्टवरच कापलेलं असतं, म्हणून काही जण जुना शाफ्ट ठेवून फक्त रिंग बदलतात. तसं केलं असेल तर दुरुस्ती नाही, जोडी आणा. जोडी बरोबर असेल तर डिफरन्शियलच्या टेपर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) तपासा. जुनी शिम (जाडी जुळवणारी पातळ चकती) तशीच घातली की तो हमखास चुकतो. रिंगचे बोल्ट नवे घ्या, आमनेसामने आवळा, टॉर्क मॅन्युअलमधला. ऑइल जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) च भरा. जीएल-५ मधल्या काही रसायनांनी पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) खराब होतात, आणि मग रडण्याबरोबर गिअर टाकताना करकरही सुरू होते.